तिसऱ्या घरावरचा कॅपो

बुधवार, १४ मार्च
दुपारचे दीड

ती. वहिनींना,
साष्टांग नमस्कार.

आज कॉलेजातून अर्धी रजा टाकून घरी आलो. प्रयोगशाळेत परीक्षेची मांडामांड सकाळीच उरकली होती. येताना पाकिटं आणि तिकिटं घेतली. जेवलो. पहिल्या पाकिटावर सवयीने तुम्हा दोघांची नावं लिहून बसलो. ते फाडलं आणि दुसरं घेतलं. माझी प्रकृती ठीक आहे, खोकला गेला. तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीकडे जिने चढावे लागत नाहीत, तेवढं एक बरं.

तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि मागच्या पत्रातही लिहिलंत, त्याबद्दल लिहितोच. फोनवर मला जमत नाही. दादा म्हणायचाच, याच्या हातात फोन दिला की हा फोनला धरून बसतो, बोलत नाही. पण त्याआधी एक सांगायचं आहे.

मला एक गाणं सापडलं आहे.

हसू नका. तीस वर्षं तीच चाळीस गाणी वाजवणारा माणूस मी. नवं गाणं याच्या घशाखाली उतरायला दहा वर्षं लागतात, तोवर ते जुनं होतं, हेही दादाचंच. आणि आता या वयात एका पॉप गाण्याने मला धरलं आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने म्हटलेलं. एरवी मी ज्याला डबे वाजवणं म्हणतो, त्यातलंच. शब्द तर काहीच नाहीत. ती कुणाला तरी सांगते की जाताना चावी कुठे ठेव, कुंडीखाली नको, शेजारी दे. बस. पण त्यातली गिटार ऐकाल तर! चार कॉर्ड आहेत, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे चार गट, आणि शेवटपर्यंत चारच. खालचे सूर बदलत राहतात, वरच्या दोन तारांचे सूर मात्र पूर्ण गाण्यात हलत नाहीत. तेच दोन सूर. खाली दुःख असो की आनंद, वर ते दोघे तसेच उभे. ज्याने हे बसवलं त्याला मी कुठेही भेटलो तर पाया पडेन.

आठ दिवसांत मी ते दोनेकशे वेळा तरी ऐकलं असेल. प्रयोगशाळेतही बोटं चालूच असतात. परवा आमचे विभागप्रमुख थांबले आणि म्हणाले, "काय हो, टेबलाची नाडी बघताय का? ताप आहे?"

गाण्याचं नाव आमच्या ग्रुपमधल्या गायिकेने सांगितलं. मी तिला नुसतं गुणगुणून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. "अहो, कुठल्या गुहेत राहता तुम्ही? दीड वर्ष झालं हे गाणं येऊन. माझ्या भाचीलासुद्धा आता त्याचा कंटाळा आलाय. तुम्हाला कुठे सापडलं?"

मी म्हटलं, सलूनमध्ये.

ते खोटं होतं. तुम्हालाही आत्ता सलूनच लिहिणार होतो. वर दोन ओळी लिहून खोडल्या आहेत, त्या त्याच.

आता रेकॉर्डिंगचं.

तुम्ही म्हणालात, "भाऊजी, शेवटच्या वर्षातलं एखादं तरी द्या. त्यांचा हात ऐकायचाय." मी आधी म्हटलं मशीन बिघडलं. मग म्हटलं शोधतो आहे. मशीन धड आहे, आणि शोधायला काही हरवलेलंच नाही. आमचा साउंडवाला बॅटरी तुम्हाला आठवत असेल, जाड भिंगांचा, तुमच्याकडे चहात बिस्किटाबरोबर चष्माही बुडवला होता तो. त्याच्याकडे हॉटेलातल्या प्रत्येक शनिवारच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तारीखवार लावलेलं आहे. स्वच्छ आहे. माझी गिटार आहे, ड्रम आहे, गायिका आहे, हॉटेलातल्या काट्या-चमच्यांचा आवाजसुद्धा आहे.

त्यात दादा नाही.

कसं ते सांगतो. बॅटरीच्या टेबलावर प्रत्येक वाद्याचा एक फेडर असतो, म्हणजे वरखाली सरकणारी पट्टी. वर नेली की हॉलमध्ये त्या वाद्याचा आवाज वाढतो, अगदी खाली आणली की बंद होतो. वाजवणाऱ्याला मात्र ते कळत नाही, कारण स्टेजवर त्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, मॉनिटर. त्यात त्याला स्वतःचं ऐकू येत राहतं.

गेल्या वर्षी जानेवारीत दादाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऐकेनासं झालं. तुम्हाला ते माझ्या आधी कळलं असणार, त्याच्या शर्टाची बटणं तुम्हीच लावत होतात. स्टेजवर सूर अर्धा लागायचा, तार खरखरायची. कॉर्ड बदलायला उशीर व्हायचा आणि मग तो गाठायला धावायचा. हॉटेलच्या मॅनेजरने एकदा हसत विचारलं, "तुमच्यातलं कोणतं वाद्य आजारी आहे?" मीही हसलो.

मी दादाला थांब म्हणायला हवं होतं. ज्याने माझी बोटं एकेक धरून तारांवर ठेवली, त्याला थांब कसं म्हणायचं हे मला येत नव्हतं. मी बॅटरीकडे गेलो. म्हटलं, दादाचा फेडर खाली घे. मॉनिटर चालू ठेव.

बॅटरीने चष्मा पुसला. "त्यांना सांगितलंय?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

आठ महिने मी सांगत होतो, वहिनी.

दर शनिवारी तो वेळेआधी यायचा, गिटार जुळवायला अर्धा तास घ्यायचा, इस्त्रीचा काळा शर्ट घालून माझ्यापलीकडे, ड्रमच्या त्या बाजूला उभा राहायचा आणि चार तास वाजवायचा. लोक टाळ्या वाजवायचे. तो वाकून नमस्कार करायचा. मी तेव्हा त्याच्याकडे बघत नसे, काहीतरी वायर वगैरे नीट करत असे.

एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा तुम्ही आला होतात. दुसऱ्या रांगेत. मध्यंतरात मला बाजूला घेऊन म्हणालात, "भाऊजी, यांचं काहीच कसं ऐकू येत नाही हो?" मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही खांबाजवळ बसलात. खांब आवाज खातो." तुम्ही उठून पलीकडे जाऊन बसलात. ते मला स्टेजवरून दिसत होतं. पूर्ण उत्तरार्ध तुम्ही मान पुढे काढून बसला होतात.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या कुठल्यातरी शनिवारी मला दिसलं की दादाने गिटारला कॅपो लावला आहे. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर, पट्ट्यांमधल्या एखाद्या घरावर, आवळून बसवायचा चिमटा, त्याने सगळे सूर एकदम चढतात. आमच्या एकाही गाण्यात कॅपो लागत नाही. त्याने तो तिसऱ्या घरावर लावला होता, म्हणजे नेहमीच्या बोटांनी तो जे वाजवेल ते आमच्याशी जुळणंच शक्य नव्हतं. मी बॅटरीला जाऊन म्हटलं, "बघ, आता कॅपोही कुठे लावायचा ते कळेनासं झालं. बरं झालं आपण वेळेवर बंद केलं." बॅटरी वायर गुंडाळत राहिला. मला वाटलं, त्यालाही वाईट वाटलं असेल.

ऑगस्टमध्ये दादाने आपणहून सोडलं. म्हणाला, गिटार जड झाली. पुढचं, तो जाईपर्यंतचं, तुम्हाला माहीत आहे, रात्रंदिवस तुम्हीच होतात.

तुमचं मागचं पत्र आलं त्या दिवशी मी बॅटरीच्या घरी गेलो. माझा बेत सांगून टाकतो. त्याला विचारणार होतो की जुन्या, चांगल्या दिवसांतली दादाची गिटार काढून गेल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये बसवता येईल का. तुम्हाला कळलं नसतं. बॅटरीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जुनी कशाला? गेल्या वर्षीचीच आहे की. फेडर खाली असला म्हणून काय झालं, मशीन प्रत्येक वाद्य वेगळं साठवतं. हॉलमध्ये गेलं नाही, एवढंच."

"म्हणजे दादाचं सगळं आहे?"

"आठही महिने."

त्याने मला हेडफोन दिले. नुसती दादाची गिटार, बाकी सगळं बंद. जानेवारी ऐकवेना. सुटणाऱ्या तारा, मध्येच थांबणं, पुन्हा सुरू करणं. फेब्रुवारी, मार्च तसेच. मग बॅटरीने एप्रिलअखेरचं लावलं आणि खोलीतून उठून बाहेर गेला.

ते आमचं गाणं नव्हतं.

चार कॉर्ड. हळू. दोन बोटं आणि अंगठा, एवढ्याने जमेल तेवढंच. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. गेले आठ दिवस मी ज्याने वेडा झालो आहे ते गाणं, वहिनी. मूळ वाजवणारा वरच्या दोन तारांवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाबून ठेवतो, म्हणून ते दोन सूर हलत नाहीत. दादाची नेमकी तीच दोन बोटं गेली होती. पण तिसऱ्या घरावर कॅपो लावला की त्या दोन तारा मोकळ्या सोडल्या तरी तेच सूर लागतात. बोटं लागतच नाहीत. मला हे गाणं हातात धरल्यावर कळायला चार दिवस लागले. त्याने ते शोधून काढलं होतं आणि भरल्या हॉलसमोर, आमच्यात उभा राहून, आमचं गाणं चालू असताना तो ते शिकत होता. कारण त्याला माहीत होतं की कुणालाही ऐकू जात नाही.

आणि आमचं गाणं जिथे संपायचं तिथे तोही थांबायचा. अगदी बरोबर. एकदाही चुकला नाही. मग माझ्याकडे बघून मान हलवायचा, छान झालं म्हणून. ते मात्र मला आठवतं.

बॅटरी चहा घेऊन आला. मी विचारलं, "तू हे ऐकत होतास?"

"दर शनिवारी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बंद करायला सांगितलंत. ऐकायला कुठे सांगितलंत?" मग कप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "त्यांनी एकदा माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं होतं. तुमच्यापेक्षा त्यांचा मान मोठा होता मला. राग मानू नका."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी हेडफोन लावून त्याच्याबरोबर वाजवायला बसतो. घरात दुसरं कुणी नाही, कुणाला त्रास नाही. तो एवढा स्पष्ट ऐकू येतो की कॉर्ड बदलायच्या आधी बोट तारेवरून घासतं तेही कळतं. पहिल्या दिवशी मी दोनदा मागे वळून बघितलं. पण एक आहे. आमची गाणी चार-चार मिनिटांची, त्यामुळे त्याचं हे गाणं कधीच पूर्ण होत नाही. कितीही शनिवार लावले तरी तो दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी येऊन थांबतो. पुढे काय आहे ते मला माहीत आहे, त्या मुलीचं मूळ गाणं मी दोनशे वेळा ऐकलं आहे. तरी माझाही हात आता तिथेच थांबतो. हेडफोन काढून नुसती गिटार वाजवली तरी थांबतो. गायिका म्हणते, येत्या शनिवारी हे घेऊ, तुम्हाला एवढं आवडतंय तर. मी अजून हो म्हटलेलं नाही.

मी तारखा लावून बघितल्या. कॅपोचा पहिला शनिवार हा तुम्ही आला होतात त्याच्या पुढचाच आहे. म्हणजे त्याला कळलं ते त्याच आठवड्यात. तुम्ही त्या दिवशी घरी गेल्यावर त्याला काय म्हणालात? ऐकू आलं नाही म्हणालात, का खांबाचं सांगितलंत? आणि तो काय म्हणाला? हे मला विचारायचं होतं. चावीचं, कुंडीचं आणि बाकी सगळं मी यासाठीच लांबवत होतो. उत्तर द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. खांब नव्हता, वहिनी. मी होतो.

सोबत दोन पेनड्राइव्ह पाठवत आहे. काळ्यात आमचे कार्यक्रम आहेत, हॉलमध्ये ऐकू गेले तसे. निळ्यात फक्त दादा आहे, जानेवारीपासून. जानेवारी काढून टाकावा असं मनात आलं होतं, पण बॅटरी म्हणाला, पुन्हा फेडर खाली घेताय का? मग राहू दिला. आधी काय ऐकायचं, काही ऐकायचं की नाही, ते तुमच्यावर. लेकीला सांगायचं की नाही, तेही. काका म्हणून ती मला अजून चांगलं समजते.

यानंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मला त्याचं वाईट वाटेल, पण आश्चर्य वाटणार नाही.

ज्याने त्याचा आवाज बंद करायला सांगितला, तो
तुमचा धाकटा दीर

ता. क.
पत्र संपवून पाकीट लगेच चिकटवलं नाही. आधी ताट-वाटी घासून ठेवली, ओटा पुसला. परत येऊन वाचलं. एकही ओळ बदललेली नाही. पोस्ट पाचला बंद होतं, आत्ता चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. चिकटवलं की चपला घालून निघतो.