चढणीवर उचललेला पाय

अहिल्यानगर,
१ ऑगस्ट २०२५

चि. कानिफ,
अ. उ. आ.

मी बोर्डिंगमधून सुट्टीला आले की आण्णा ओढ्यात जीप धुवायचे. तू काडीने चाकातला चिखल उकरायचास आणि मी पायमोजे भिजतील म्हणून दगडावर उभी राहून तुला नुसत्या सूचना करायचे. ती खोड अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसता ‘व्हय, व्हय’ करतोस.

गेल्या महिन्यात वस्तीवरून खाली येताना मागच्या चाकाकडून कट्ट कट्ट आवाज येत होता. वैजनाथ मिस्त्री म्हणाला, ॲक्सल असेल, खोलल्याशिवाय सांगता येत नाही. खोलायला गाडी चार दिवस खाली ठेवावी लागते आणि वस्तीला दुसरी गाडी नाही, म्हणून तू टाळतोस. वर हसून मला सांगतोस, की चढण धरली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नसतो. तुझ्यासारखी गाडी पाथर्डीच्या डोंगरात कुणी चालवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कसब तुझ्या पायात आहे, लोखंडात नाही. ऐन चढणीवर ॲक्सल तुटला तर जीप मागे ओढ्यात जाईल.

सोबत राखी आहे. शेजारच्या केशरबाईंकडून बांधून घे. यंदा ओवाळणीत साडी नको, वचन दे. चढणीला तो आवाज आला की पाय उचलायचा, थांबायचं आणि खालच्या गावातून रामहरीचा ट्रॅक्टर बोलवायचा. रंगूला सांग, नवऱ्यावर लक्ष ठेव.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी सुकन्याताई


पठारवस्ती,
५ ऑक्टोबर

ती. ताईस,
कानिफचा सा. न. वि. वि.

रंगूच्या दहाव्याला तू विचारलंस, एवढा उशीर कसा झाला. मी म्हणलो, चिखल हुता. हुता, पण तेवढा न्हाई. तोंडावर सांगता आलं न्हाई म्हणून लिहितो.

त्या सकाळी चुलीपुढं तिचं तोंड वाकडं झालं, हात गळाला. जीपमधी आडवी घातली. केशरबाई तिचं डोकं मांडीवर घिऊन बसली. ओढ्यातून नीट निघालो. पलीकडची चढण निम्मी चढलो आन मागं कट्ट झालं. ताई, गाडी चढत हुती. मला पायाखाली कळत हुतं. पण तुला दिलेलं वचन आठवलं आन पाय उचलला. चाकं रुतली ती रुतलीच. केशरबाई वरडली, की मुडद्या, दाब की! रेंज न्हाई, म्हणून तीच पळत खालच्या गावात गेली. ट्रॅक्टर यायला अडीच तास गेले. डॉक्टर म्हणले, दोन तास आधी आणायचं हुतं.

काल वैजनाथनं मागचं सगळं खोललं. ॲक्सल धड हाय. ब्रेकचा पत्रा सुटून वाजत हुता. त्यानं हातानं वाकवून बसवला. आता आवाज बंद हाय.

मोकळी गाडी घिऊन गेलो तरी चढणीला पाय आपसूक उचलतो. वस्तीवरची माणसं माझ्या जीपमधी बसत न्हाईत. त्यांचं बरोबर हाय. जीपचं आन रंगूच्या सामानाचं काय करू, ते तूच लिही.

तुझ्यावर राग न्हाई. पण यंदा भाऊबीजेला येत न्हाई.
कानिफ


अहिल्यानगर,
१३ ऑक्टोबर

प्रिय कानिफ,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझी समजूत घालणारं मी काही लिहिणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, की कबूल केलं की ओझं हलकं होतं. मी चार दिवस कबूल करतेय. खुर्चीत बसून मी माझी भीती पाकिटात घातली आणि तुला पाठवली. तू लहानपणापासून माझं ऐकत आलास, तसंच याही वेळी ऐकलंस. तुझा पाय बरोबर होता, रे.

भाऊबीजेला येऊ नकोस. मी ओवाळणीचं ताट करणार नाही.

जीप रामहरीला दे. त्याच्याकडून कसलंही वचन मात्र घेऊ नकोस. पाने आणि जॅक वैजनाथला. शिलाईयंत्र केशरबाईंच्या सुनेला, पंकजाला. साड्या रंगूच्या बहिणीला. तिने निवडून उरतील त्या वस्तीत वाट.

माया उरली असेल तर असू दे.
ताई

ता. क. दवाखान्याचा कागद, ज्यावर रंगूला आणल्याची वेळ लिहिली आहे, तो तुझ्या घरात नको. तो मला पाठव.