झाकून ठेवलेली प्लेट

बाबा, आज सुट्टी आहे आणि खोलीतले दोघेही बाहेर गेलेत, म्हणून तुमच्याशी बोलायला बसलो. तुम्ही गेले तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतरचं तुम्हाला काहीच माहीत नाही. मी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो हेही नाही आणि दुसऱ्याच वर्षी सोडलं हेही नाही. कशापायी सोडलं ते सांगतो, रागवायचं तर रागवा. एकाने वर्गात माझ्या मले-तुलेची नक्कल केली, मी त्याची कॉलर धरली, सर म्हणाले माफी माग, मी बॅग उचलली आणि निघालो. आता एका गोदामात खोकी पॅक करतो. आईला वाटते मी तिथं साहेब आहे.

पण लिहायला बसलो ते कॉलेजसाठी नाही, एका मुलीसाठी. ती मुलचेऱ्याकडच्या, निर्वासितांसाठी वसवलेल्या बंगाली गावातली. चंद्रपूरला अकरावी-बारावीत आम्ही एका वर्गात होतो. घरी बंगाली बोलायची आणि आमच्यात आली की आपली मराठी, तीही माझ्यापेक्षा ठसक्यात. आता इथं फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच वर्षं झाली, मी तिला काही म्हटलं नाही. मागच्या रविवारी म्हणणार होतो. दुपारी जेवायला भेटू असं ठरलं होतं, तिच्या कॉलेजजवळच्या चायनीजमध्ये. सकाळी तिचा मेसेज आला, "आणखी एक जण येऊन राह्यला, माझ्या वर्गातला." तिथूनच माझं डोकं तापलं.

ते हॉटेल तुम्हाला आवडलं असतं. लाल कागदी कंदील, त्यावर धूळ, चिकट टेबल, व्हिनेगरमधल्या मिरच्यांची वाटी, आणि कढईचा असा खणखणाट की शेजारच्याचंही ऐकू येऊ नये. आपण दोघं नागपूरला गेलो होतो, तुमची छाती दाखवायला, ते आठवते का? दवाखान्यातून निघालो आणि मी हट्ट धरला होता चायनीजचा. नूडल्स समोर आल्या तेव्हा तुम्ही काट्याने उचलून पाहिल्या आणि वेटरला विचारलं, "भाऊ, ह्या शेवया शिजल्या नाई का?" तो हसला, मी लाजेने खाली पाहिलं. मग तुम्ही दोन रिकाम्या प्लेटी मागितल्या, खायच्या आधी पहिला घास एकीत काढला आणि दुसरी वरून पालथी घातली. मी म्हटलं, हे कोणासाठी? तुम्ही म्हटलं, "तुही माय मागं राह्यली ना." निघताना तो घास कागदात बांधून घेतला, आणि घरी माजरीला परत येईपर्यंत ती पुडी तुमच्या मांडीवर होती. तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलंच नाही. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, लोक काय म्हणत असतील.

आणि त्याच्याही आधीचा तो दिवस. तुम्ही डबा घरी विसरले आणि आईने मला कोळशाच्या खदानीच्या गेटवर पाठवलं. पंपवाल्यांच्या टपरीत तुम्ही चौघं बसले होते. खाली तळाशी पाणी साचायचं, पंप सोडून कोणाला येता यायचं नाही, म्हणून एक जण नेहमी खालीच राहायचा. तुम्ही डबे उघडले आणि प्रत्येकाने आपला पहिला घास एका मोठ्या झाकणात टाकला, खालच्या माणसासाठी. भाकर, चवळीची भाजी, कोणाची सुकी मासळी. मी मासळीचा तुकडा उचलला तर तुम्ही माझ्या हातावर मारलं. "ठेव. तो पाण्यात उभा हाय अजून." मला माहीत होतं की खाली कोण होता. तोच, ज्याला तुमच्या आधी मुकादमकी मिळाली आणि ज्याच्याशी तुम्ही वर्षभर बोलत नव्हते. मी डोळे पुसत विचारलं, "तुम्ही तं त्याच्याशी बोलत नाई ना?" बाकीचे हसले. तुम्ही नाही हसले. "बोलत नाई," तुम्ही म्हटलं, "पण त्याले उपाशी ठेवीन असं थोडी हाय."

हे सगळं मी तिला एकदा चंद्रपूरच्या बसस्टँडवर सांगितलं होतं, तिची मुलचेऱ्याची गाडी लागायची होती तेव्हा. ती म्हणाली होती, "भारी आहे बे तुहा बाप." बस. त्याच्यावर मी पाच वर्षं काढली.

तर मागच्या रविवारी मी पाऊण तास उशिरा पोचलो. बस मिळाली नाही हे खरं, पण तीन वेळा शर्ट बदलला हेही खरं. काचेतूनच पाहतो तर दोघं बसलेत समोरासमोर, आणि दोघांच्या पुढं सूपच्या वाट्या, अर्ध्या अर्ध्या. वन बाय टू. बाबा, एक सूप दोन वाट्यांत करून देतात इथं. साधी गोष्ट आहे, अख्खं पुणं करते. पण ते पाहून मी दारातच उभा राहिलो. माझ्यासोबत तिने कधी वन बाय टू घेतलं नव्हतं.

मी बसलो. माझ्या जागेवर एक प्लेट होती, वर दुसरी पालथी. मला वाटलं, यांचं उष्टं. हाताने सरकवली बाजूला, पार व्हिनेगरच्या वाटीला टेकली.

"काऊन रे, एवढा उशीर?" ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "मी म्हटलं होतं ना तुला, हा उशीरच करणार." म्हटलं होतं ना तुला! मला 'काऊन' आणि त्याला पुणेरी 'तुला'. माझ्याशी ती घरच्या चपलेत बोलत होती आणि त्याच्याशी सँडल घालून. मला ते सँडल पाहिजे होते.

तो चष्मेवाला, गोरा, हळू बोलणारा. म्हणाला, "चंद्रपूर म्हणजे वाघ ना? तुमच्या गावात येतात का?"

"येतात ना," मी म्हटलं, "पोहे खाऊन जातात."

तो खरंच हसला. त्याचं मन मोकळं होतं हे मला दिसत होतं आणि म्हणूनच आणखी राग येत होता. ती म्हणाली, "अरे, जेव ना पहिले." मी वेटरला हाक मारली आणि मोठ्याने सांगितलं, "एक सूप. फुल. वन बाय टू नको." तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी जे बोललो ते तुम्हाला लिहीत नाही. एवढंच सांगतो, शेवटचं वाक्य होतं, "मले काय तुमचं उष्टं खायला बोलावलं का?" आणि मी उठलो.

बाहेर फुटपाथवर मी बस पाहत उभा होतो, तिथं ती आली. हातात पिशवी होती, ती झाकलेली प्लेट पार्सल करून आणली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "झाकण तं उघडून पाह्यचं होतं," ती म्हणाली. "तो माहा कोणी नाई. पण तू असाच राह्यला तं तू बी कोणी नाई राहशीन." पिशवी माझ्या हातात कोंबली आणि आत गेली. काचेतून दिसत होतं, तो उभा राहून तिची वाट पाहत होता, त्याने एक घासही खाल्ला नव्हता.

खोलीवर येऊन उघडलं. फ्राइड राइस, नूडल्स, चिकनचे दोन तुकडे. आणि एका कोपऱ्यात गोबी मंचुरियनचे दोन गोळे. बाबा, ती गोबीला हात लावत नाही, लहानपणापासून. तो शाकाहारी आहे, तिने मेसेजमध्ये सांगितलं होतं. म्हणजे त्याने त्याच्या ताटातून काढले होते, मी यायच्या आधी, मला न पाहता. तिने त्याला तुमची गोष्ट सांगितली असणार. आपल्या दोघांची म्हणून जी गोष्ट मी पाच वर्षं खिशात घेऊन फिरलो, ती आता त्यालाही माहीत आहे. याच्यावरूनही मी संध्याकाळपर्यंत जळलो. मग ते गोळे बाजूला काढले, भात संपवला, आणि मग तेही खाल्ले. थंड झाले होते. चांगले होते.

काल तिला मेसेज केला. माफी लिहिली, तीन वेळा खोडली, चौथ्यांदा पाठवली. उत्तर दोन तासांनी आलं. पुढच्या रविवारी, तेच हॉटेल, तोही येणार. पुढं लिहिलं होतं, "मान्य असन तं ये."

हा कागद तुमच्या डब्यात ठेवतो. आईने तो माझ्यासोबत दिला होता, झाकण नीट बसत नाही आता. रविवारी मी त्यांच्या आधी पोचणार आहे. खरं सांगू, तो येऊ नये असंच मले अजून वाटते. पण उशीर झाला त्याले, तर त्याच्यासाठी गोबी काढून ठेवीन, आणि वरून प्लेट झाकीन.