बटण चालूच राहील

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, व्यवसाय गियरबॉक्स दुरुस्ती, आज सोमवारी सकाळी आंघोळ आणि प्रार्थना आटोपून, शांत डोक्याने हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. चष्मा लावला की नजरही चांगली आहे. उजव्या पायाचा घोटा तेवढा कामातून गेला आहे. पण घोट्याने कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे इथे लिहायची रीत आहे. खरे सांगायचे तर दबाव आहे. माझी पत्नी म्हणाली, "गाडी विकणार नसाल तर मृत्युपत्र करा. दोन्हीपैकी एक गोष्ट या आठवड्यात झाली पाहिजे." गाडी मी विकणार नाही. म्हणून हा कागद.

येत्या शुक्रवारी माझ्या घोट्याचे ऑपरेशन आहे. अठरा वर्षांपूर्वी जॅकवरून एक गियरबॉक्स घसरून या पायावर आला, तेव्हापासून सांधा झिजत गेला. आता डॉक्टर त्यात स्क्रू घालून तो कायमचा जोडून टाकणार आहेत. दुखणे थांबेल, पण पाऊल वळणेही थांबेल. ऑपरेशनने सहसा कोणी मरत नाही, असे डॉक्टर म्हणाले. माझाही तसा विचार नाही. तरी पुढचे कोणी पाहिलेले नाही, आणि देवाने बोलावले तर "थांब, कागद करून येतो" असे म्हणता येणार नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे पत्र्याचे शेड, संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. बँकेत जे काही आहे तेही तिचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. तिने कोणाला कारणे देत बसू नये. शेडचे दार आधी उचलून मग ढकलावे लागते, हे तिला माहीत आहे. इतरांना ते कळण्याची आवश्यकता नाही.

कलम २. माझी सर्व हत्यारे माझ्या मुलीला. ती चोवीस वर्षांची आहे आणि लिफ्ट दुरुस्त करते. पाना कोणत्या हातात धरायचा हे तिला सांगावे लागत नाही. अपवाद दोन. पहिला, ड्रिल मशीन. ते माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, देत आहे. नऊ वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून त्याने ते नेले. आता निदान ते कायद्याने त्याचे होईल आणि त्याच्या मनावरचा भार उतरेल. दुसऱ्या अपवादाचे पुढे कलम ४ मध्ये लिहितो.

कलम ३. गाडी. माझी राखाडी रंगाची, दोन दारांची, हाताने गियर टाकायची स्पोर्ट्स कार मुलीला देत आहे. ही गाडी मी भंगारवाल्याच्या आवारातून आणली तेव्हा तिचे तोंड भिंतीवर आपटून चेपलेले होते आणि रेडिएटर मागे सरकून इंजिनाला टेकला होता. रविवारचे रविवार घालवून पाच वर्षांत मी ती उभी केली. पत्नी त्या काळात शेडला "दुसरं घर" म्हणत असे. त्यातला टोमणा मला कळत होता.

दादाला हे कलम आवडणार नाही. तो मागच्या महिन्यात आला होता.

"पोरीला कशाला असली गाडी? माझ्या मुलाला दे. घरातली वस्तू घरात राहील."

"दादा, ती काय शेजारच्यांची आहे?"

"तसं नव्हे रे. त्याला हौस आहे."

"क्लच दाबता येतो का त्याला?"

"शिकेल की!"

"ही शिकलेली आहे," मी म्हणालो. तेव्हा दादा न जेवता गेला. ते माझ्या मनाला लागले, पण कलम बदलत नाही.

आता या गाडीच्या बटणाविषयी लिहिणे भाग आहे, कारण सगळे भांडण त्याचेच आहे. ज्यांना यातले काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वळणाआधी वेग कमी करताना आपण खालचा गियर टाकतो. खालच्या गियरला इंजिन जास्त जोरात फिरावे लागते. ते फेरे आधी वाढवले नाहीत, तर क्लच सोडताच गाडीला हिसका बसतो, मागची चाके क्षणभर अडखळतात, आणि वळणावर अडखळणे वाईट. म्हणून जुन्या पद्धतीत उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाची टाच तिरकी करून अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची. त्या वेळी डावा पाय क्लचवर. हे सगळे श्वास आत घेऊन सोडेपर्यंत झाले पाहिजे. शिकायला मला तीन वर्षे लागली. माझ्या गाडीत गियरच्या दांड्यामागे एक बटण आहे. ते चालू असले की दांडा कुठे चालला आहे हे गाडी ओळखते आणि तेवढी रेस स्वतःच देते. टाच हलवावी लागत नाही.

माझी टाच आता हलणारही नाही. म्हणून बटण.

रविवारी घाटाच्या पायथ्याशी गाड्या घेऊन जमणारी जी मंडळी आहेत, त्यांतला एकजण मला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मुनी, गाडी तू चालवतोस की तुझं बटण?" मी कमी बोलतो म्हणून मला मुनी म्हणतात. मी म्हणालो, "बटण फेरे जुळवतं. वळण मी घेतो." सगळे हसले. हसू देत. पण हे कायद्याच्या कागदावर राहावे म्हणून पुन्हा लिहितो : ब्रेक कधी लावायचा, कितवा गियर टाकायचा, समोरून ट्रक आला तर काय करायचे, हे बटणाला कळत नाही. पाचवरून चारऐवजी चुकून दोन टाकला, तर ते निमूटपणे दोनचे फेरे गाठायला जाईल आणि इंजिनाची वाट लागेल. ते हाताखालच्या माणसासारखे आहे. सांगितलेले चोख करते. सांगायचे मलाच आहे.

आणि मी रोज सकाळी हात जोडून "आजचा दिवस सांभाळून घे" असे म्हणणारा माणूस आहे. गावच्या शाळेत होतो तेव्हापासून म्हणत आलो. मदत मागायची मला लाज वाटत नाही. वर मागायची आणि पायाशी आली की नाकारायची, हा कुठला ताठा?

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी डॉक्टर माझी ब्रेकची चाचणी घेणार आहेत. पाहिजे तेवढ्या जोराने, पाहिजे तेवढ्या झटक्यात ब्रेक दाबता आला नाही, तर किल्ली मी स्वतः पत्नीच्या हातात देईन. रस्त्यावर इतरांचीही मुलेबाळे असतात. पण ब्रेक दाबता आला, तर केवळ बटण लागते या कारणासाठी मी गाडी सोडणार नाही. दादा, डॉक्टर, घाटावरची मंडळी, कोणाच्याही सांगण्यावरून सोडणार नाही. माझ्या हयातीत बटण चालूच राहील. माझ्यानंतर ते चालू ठेवायचे की बंद, हे मुलीने ठरवावे. मात्र त्याची तार कोणी तोडू नये.

कलम ४. वस्ताद. ज्यांच्याकडे मी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागलो आणि ज्यांनी मला टाच शिकवली, त्यांचा टॉर्क पाना माझ्याकडे आहे. नट किती घट्ट झाला हे दाखवणारा हा पाना त्यांनी मला माझे स्वतःचे दुकान निघाले त्या दिवशी दिला. तो त्यांना परत करावा. सोबत खालील मजकूर वाचून दाखवावा.

चार वर्षांपूर्वी गाडी तयार झाली तेव्हा पहिल्यांदा घाटात नेताना मी वस्तादांना शेजारी बसवले. गावभर त्यांच्या कानाची ख्याती आहे. बॉनेट न उघडता ते कोणते बेअरिंग गेले ते सांगतात. उतार लागला तसे त्यांनी डोळे मिटले आणि ऐकू लागले. माझा घोटा त्या दिवशी सुजलेला होता, बटण चालू होते. पहिल्या वळणाला ते काही बोलले नाहीत. तिसऱ्याला म्हणाले, "वा!" पाचव्याला म्हणाले, "आता बोलतो तुझा पाय. वीस वर्षं घसा फोडला, त्याचं चीज झालं रे मुनी." मी गप्प राहिलो. सहाव्याला त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गप्पच. सातव्याला त्यांनी डोळे उघडून खाली पाहिले. माझा पाय ब्रेकवर सपाट होता आणि इंजिनाचे फेरे आपोआप चढले.

"हे कोण करतंय?"

"गाडी."

"आणि मघाशी?"

"मघाशीही."

"उतरव मला."

ते उतरले आणि उरलेला घाट चालत गेले. मी गाडी त्यांच्या मागे हळूहळू चालवत राहिलो. त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही. त्यानंतर आमचे बोलणे नाही. त्यांनी मला लबाड म्हटले असे लोकांकडून कळले.

बटणाबद्दल मी कोणाची माफी मागत नाही. पण सहा वळणे माझी नसलेली शाबासकी मी घेतली. खरे सांगायला एक शब्द पुरला असता. त्या गप्प बसण्याची मी माफी मागतो. प्रार्थनेत अनेकदा मागितली आहे. आता या कागदाद्वारे ज्यांची मागायची त्यांची मागतो.

कलम ५. हे कलम मंगळवारी संध्याकाळी लिहीत आहे, कारण मधे बरेच घडले.

काल दुपारी मी पत्नीला वरील कलमे वाचून दाखवली. कलम ४ संपल्यावर तिने हातातली सुई खाली ठेवली.

"म्हणजे माफी तुम्ही मेल्यावर मागणार?"

"त्यात लिहिलंय ना."

"मी वाचून दाखवणार, तुम्ही नसणार, आणि म्हातारा काय करणार? फोटोशी भांडणार? अहो, चार गल्ल्या सोडून राहतात ते. काठी घ्या आणि जा."

आज सकाळी काठी, टॉर्क पाना आणि खिशात हे कागद घेऊन गेलो. चार गल्ल्यांना पाऊण तास लागला. वस्ताद गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून कार्ब्युरेटर धूत होते. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, पायाकडे पाहिले.

"कापणार की काय?"

"जोडणार आहेत, वस्ताद. शुक्रवारी."

"मग टाच?"

"गेली."

त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. मी उभ्यानेच सांगून टाकले. बसून सांगायचा धीर नव्हता. "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही शाबासकी दिलीत, मी खिशात घातली. चुकलं."

"चार वर्षं लागली तुला?"

"लागली."

"माझ्या कानाची लाज काढलीस तू. अख्ख्या बाजाराचा कान आहे हा! आणि मी यंत्राला वा म्हणालो."

"वस्ताद, तुमचा कान चुकला नव्हता. फेरे जुळलेच होते. न जुळता तुम्ही वा म्हणाला असतात, तर कान गेला म्हणायचं. मी बोललो नाही, तेवढंच खोटं."

वस्तादांनी फडके उचलले. हात फडक्याला पुसत राहिले. स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता बटण बंद करणार?"

"नाही."

"मग माफी कसली मागतोस, गाढवा?"

"गप्प बसल्याची. बटणाची नाही."

"पायात जोर नसेल तर गाडी सोडावी माणसानं."

"जोर आहे. वळत नाही एवढंच."

"हट्टी आहेस."

"कोणाकडे शिकलो?"

यावर त्यांनी तोंड फिरवले, पण शेजारचे दुसरे स्टूल पायाने माझ्याकडे सरकवले. मी बसलो. पाना पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले की हा आताच कशाला आणलास. मी मृत्युपत्राचे सांगितले. ते खवळले, "अजून पन्नाशी नाही तुझी!" मग सगळे कागद मागून घेऊन, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचले. म्हणाले, "कलम तीनमधलं ते बटणाचं काढ. काढलंस तर साक्षीदार म्हणून मी सही करतो."

मी म्हणालो, "नाही काढत."

मी पाना तिथेच ठेवून परत आलो. वाटेत वाटले, वस्ताद पुन्हा हातचे गेले. घरी आलो तर हा कागद तपासणाऱ्या वकीलबाईंचा फोन, साक्षीदार कोण ते विचारायला. वस्तादांचे सांगितले तेव्हा म्हणाल्या : साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, म्हणून वस्तादांना पाना देत असाल तर त्यांची सही चालणार नाही. मी म्हणालो की ते सही करायला येणारच नाहीत. फोन ठेवतो तो दारात वस्ताद, काखेत पाना. कलम ३ अजून तसेच आहे का, एवढेच त्यांनी विचारले. आहे म्हणालो. वकीलबाईंचे म्हणणेही सांगितले.

"मग हे परत घे," असे म्हणून त्यांनी पाना टेबलावर ठेवला. "मला वस्तू नको. उद्या किती वाजता यायचं सांग."

सबब कलम ४ मधील पाना परत करण्याचा भाग रद्द. पाना इतर हत्यारांबरोबर मुलीला मिळावा. माफीचा मजकूर वाचून दाखवण्याची गरज उरलेली नाही. कलम ३ मध्ये एका अक्षराचाही बदल नाही.

वर लिहिलेले सर्व माझेच आहे, माझ्याच हाताने लिहिले आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि देवाची इच्छा असेल तर हे फार वर्षे कपाटात पडून राहील. तोवर यातील कोणत्याही वस्तूवर, विशेषतः किल्लीवर, कोणीही हक्क सांगू नये.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक : ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, बुधवार, सकाळी दहा.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी :
यांनी माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर होते. सह्या होईपर्यंत हे आणि वस्ताद भांडत होते, त्यामुळे दोघेही पूर्ण जागे होते हेही खरे. (सही)

साक्षीदार दुसरा, वस्ताद :
याने माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहे. कलम ३ मला कबूल नाही. वकीलबाई म्हणतात साक्षीदाराला मजकूर कबूल असावा लागत नाही, म्हणून सही करतो. तीन महिन्यांनी ब्रेकची चाचणी आहे, तोवर रोज सकाळी याचा पाय माझ्या गॅरेजातल्या जुन्या पेडलवर दाबून घेणार आहे. डॉक्टरांनी नापास करून दाखवावे. (सही)