आईचं पीठ, ब्लँक म्हणून

९ नोव्हेंबर, नांदेड

रिपोर्ट आला. पहिल्या वर्षी गव्हाविरुद्धची अँटिबॉडी उतरत होती. जूननंतर चढायला लागली, आता मार्चच्या दुप्पट. हिमोग्लोबिन खाली, वजनही खाली. गव्हाचा कण दीड वर्षात तोंडात गेलेला नाही.

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "खरं सांगा, बाहेर काही खाता? पाणीपुरी, भेळ?" नाही म्हटलं. "सगळेच पेशंट नाही म्हणतात."

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा तपासणी. तेव्हाही आकडा असाच असला तर पथ्याला न जुमानणारा प्रकार धरायचा. पुन्हा दुर्बीण, स्टिरॉइड, पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

लोहा तालुक्यातले पाण्याचे नमुने आले. फ्लोराइड, नायट्रेट. दुपारी पिपेट दोनदा सोडून द्यावं लागलं. समीनाने माझ्या हातातून काढून घेतलं. लॅबमध्ये माझ्या शेजारचं टेबल तिचं. "तू बस. तुझ्यात काय राहिलंय? वाऱ्यावर उडशील, मग तुझे रिपोर्ट मलाच लिहावे लागतील."

साहेबांचा वाढदिवस होता. केक. मी डबा उघडला. "आमच्या मॅडमचं सोवळं," असं कोणीतरी म्हणालं. हसले सगळे. आमच्या घराने सोवळ्याचं काय काय भोगलंय ते यांना माहीत नाही. डबा संपवला.

१५ नोव्हेंबर

स्टँडवर जाऊन पिशवी आणली. आई दर पंधरवड्याला लातूरजवळच्या मुरूडहून नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे ज्वारीचं पीठ देते. पांढरी कापडी पिशवी, तोंड सुईदोऱ्याने शिवलेलं, कोणी उघडू नये म्हणून. यंदा घरघंटी घेतली तिने, फक्त माझ्यासाठी. गावच्या गिरणीत गव्हावर ज्वारी पडते, म्हणून.

जगात एवढी एकच गोष्ट आहे जिचं लेबल मी वाचत नाही.

१६ नोव्हेंबर

काही नाही. झोपले.

२० नोव्हेंबर

तपासणीच्या पट्ट्या मागवल्यात. पदार्थ द्रावात हलवायचा, पट्टी बुडवायची, दहा मिनिटं. एक रेष म्हणजे पट्टी नीट चालते. दोन रेषा म्हणजे गहू आहे.

अंदाज न बांधता स्वयंपाकघर एका टोकापासून तपासायचं. आधी हिंग (बांधणीला मैदा असतो हे ऐकलं तेव्हाच डबी फेकली होती, नवी तांदळाची आहे, पण बघायचं). मग मसाला, बेसन, शेंगदाणे, रक्तवाढीच्या गोळ्या. घरमालकीणबाईंकडच्या पोळ्यांचं पीठ खिडकीतून येतं की काय, तेही. हा विचार वेडेपणाचा आहे हे कळतं. तरी यादीत ठेवला.

२३ नोव्हेंबर

रविवार यातच गेला. हिंग एक रेष. मसाला एक. बेसन एक. शेंगदाणे एक. गोळी एक. ओट्यावरून फिरवलेला कापूस एक.

कोणतीही चाचणी ब्लँकशिवाय लावायची नाही, ही लॅबची पहिली शिस्त. ज्यात ती गोष्ट नक्की नाही, असा नमुना सोबत लावायचा, म्हणजे बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो. ब्लँक म्हणून मी आईचं पीठ घेतलं. सगळ्यात शेवटी लावलं, नुसती पूर्तता म्हणून.

दोन रेषा.

२४ नोव्हेंबर

कालची पट्टी खराब असेल असं धरून आज पुन्हा. नवी वाटी, नवा चमचा, हात धुऊन. पिशवीच्या वरचं पीठ, मधलं, तळाचं. तिन्हींत दुसरी रेष. फिकटसुद्धा नाही, ठसठशीत.

समीनाला दाखवलं. तिने पट्टी उजेडात धरली. उलटसुलट करून बघितली. मग, "दुकानदाराने ज्वारीतच मिसळलं असेल गं. हल्ली काय भरोसा." असेल. दुकानदार असेल. घरघंटी कोणाला वापरायला दिली असेल. मला दुकानदारच असायला हवा आहे.

आज जेवण: भात, मीठ, ताक.

२९ नोव्हेंबर, मुरूड

आई अंगणवाडीतून आली ती हातात वजनाचं रजिस्टर घेऊनच. माझ्याकडे बघून, "लईच वाळलीस माय."

घरघंटी उघडली. ब्रशने पीठ काढलं, पट्टी लावली. आई चहा गाळत होती.

"काय करून राहिलीस?"

"गहू कुठून येतो ते बघते."

"त्यात हायच की. मूठभर टाकते मी."

असंच म्हणाली. भाजीत मीठ आहे की, असं.

विचारलं, कामून? इथे आलं की माझ्याही तोंडात 'का'ऐवजी हाच शब्द येतो.

"सवय व्हावी म्हणून. अंगणवाडीत लेकराला एकदम पोळी देतेत का? आदी बोटानं चाटवायचं, मग चमचा, मग वाटी. हळूहळू लागतं पोटाला. जूनपासून धरलं मी. पयले तर मोजून पाच दाणे टाकलेते. तुला कळलं बी न्हाई."

मग महिन्यामहिन्याला थोडं थोडं वाढवत नेलं. दिवाळीत मला अंगणवाडीच्या काट्यावर उभं केलं होतं, गंमत म्हणून, असं मला वाटलं होतं. वजन कमी भरलं. म्हणून मूठ मोठी केली. वजन आणखी घटलं असतं तर आणखी मोठी केली असती.

तिने पंचवीस वर्षं गावाची लेकरं अशीच वाढवलीत. तिच्या हातचं एकही लेकरू तक्त्याच्या लाल पट्ट्यात राहत नाही, याचा तिला अभिमान आहे. तिच्या पद्धतीत चूक नाही. फक्त हा आजार त्या पद्धतीचा नाही.

टॉवेल घेतला. म्हटलं, आतडं आतून असं असतं, हे धागे अन्न ओढून घेतात. गहू आला की माझंच रक्त त्यांना शत्रू समजून खरवडून काढतं. कणभरानेही. सवय होत नाही, टक्कल पडतं. टॉवेलची विरलेली कड दाखवली.

तिने कडेवरून बोट फिरवलं. "मग हे मीच केलं का?"

"हो."

३० नोव्हेंबर, मुरूड

तो "हो" जरा थांबून म्हणता आला असता. पण दुसरं उत्तर नव्हतं.

रात्री जेवली नाही. सकाळी फक्त एवढंच: "सासरी कोण तुझ्यासाठी येगळा तवा ठेवणार हाय? मी तेवढंच बगितलं."

लातूरचं स्थळ आहे. मुलगा जिल्हा परिषदेत. बोलणी तिने दसऱ्यापासून चालवलीत. माझ्या आजाराचं त्यांना काही सांगितलेलं नाही. लग्नापर्यंत मी पोळी खायला लागेन, असा तिचा हिशोब.

४ डिसेंबर, नांदेड

भात. भात. वरण-भात.

तोंडात फोड आलेत, बोलताना लागतात. न बोलायला कारण मिळालं.

रागापेक्षा वाईट गोष्ट ही की भूक लागली की अजूनही तीच भाकरी डोळ्यांसमोर येते. तिच्या हाताची, कडेला जरा करपलेली.

८ डिसेंबर

समीना तिच्या आईने केलेली तांदळाची भाकरी घेऊन आली. "नवा तवा, नवी परात, अम्मीने बिस्मिल्ला म्हणून केलीय, गव्हाला घराबाहेर काढलं होतं."

मी पट्टी काढली. तिच्या समोरच. ती डब्याचं झाकण पुसत राहिली. एक रेष आली, मग खाल्ली. डबा परत देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

माणसं अशीच संपत जाणार आहेत. एकेक पट्टी लावून.

१९ डिसेंबर, मुरूड

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण. मामाच्या रानात. आम्ही कोपीतली, कडब्याच्या खोपटातली, पूजा करत नाही, पण जेवण चुकवत नाही. आईने लातूरच्या पाहुण्यांनाही तिथेच बोलावलं होतं. म्हणाली, रानात माणूस मोकळं बोलतं.

लहानपणापासून हा माझा सगळ्यात आवडता दिवस. बेसनात शिजवलेली भाज्यांची भज्जी, उंडे, ताकातली अंबिल. ज्वारी, बाजरी, बेसन. वर्षातलं एकच ताट ज्यातलं जवळजवळ सगळं मला चालतं. आज त्यातला प्रत्येक पदार्थ कोणी दळला, कोणत्या हाताने कालवला, हे बघत बसले. मुलगा समोर. बोलला कमी. म्हणाला, पाण्यातलं फ्लोराइड कसं मोजतात? चांगलं विचारलं. सांगितलं.

मग गव्हाची खीर आली. मुलाच्या काकांनी स्वतः वाटी पुढे केली. "घ्या की, लाजता काय."

आईने मध्येच वाटी धरली. "तिला उपास हाय."

"आता आपल्यात कवापासून उपास आले, ताई? आन् भज्जी हाणली की आत्ताच."

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि वाटी तिच्या हातात तशीच. खीर बोटांवर सांडत होती. ते बघवलं नाही.

म्हटलं, मला गहू चालत नाही. आजार आहे. जन्मभर. पथ्य पाळलं तर बरी असते, आत्ता बरी नाही.

काका: "म्हंजी डाक्टरकीचं काय औषध?"

"औषध नाही. फक्त खायचं नाही."

"सणाला बी?"

"सणालाही."

मुलाच्या आईने पदर सावरला. म्हणाली, "बाई, आमच्यात वीस माणसांच्या पोळ्या होतेत रोज." वाईट बोलली नाही. खरं ते बोलली.

ज्वारीच्या ओळींतून ते गाडीकडे गेले. मुलाने एकदा मागे वळून पाहिलं. त्याचा अर्थ लावायचा नाही.

आई भांडी घासायला विहिरीच्या मोटारीवर गेली, ती अंधार पडेपर्यंत घासत होती.

२६ डिसेंबर, नांदेड

लातूरहून फोन नाही. आईचाही नाही.

३ जानेवारी

केसांचा गुंता कंगव्यात. रोजचाच.

आज पहिल्यांदा असं वाटलं की फेब्रुवारीत आकडा खाली आला नाही तरी चालेल. कोणाला दोष देता येणार नाही असा आजार झाला, तर तो सोपा. हे लिहून ठेवते, कारण हे थकव्याचं बोलणं आहे आणि पुढे वाचताना मला ते ओळखता यायला हवं.

११ जानेवारी

मामाचा फोन. आई अंगणवाडीत लेकरांना भरवायला घाबरते म्हणे. मदतनीसबाईला पुढे करते. "तू काय बोललीस तिला?"

काय बोलले? एक अक्षर.

फोन लावला. उचलला. दोघी बराच वेळ मामाच्या म्हशीबद्दल बोललो.

१८ जानेवारी

आईचा फोन, तिच्याकडून पहिला.

"भाकरी खातीस का?"

"भात खाते."

"भातानं काय होतंय." मग थांबली. "पीठ न्हाई पाठवत मी. दाणे पाठवते. माझा हात लागणार न्हाई. मामाकडून थेट पोतं, तसंच बांधलेलं. तूच निवड, तूच दळ, तिकडं."

नको म्हणणार होते. तिने फोन ठेवलेला होता.

२५ जानेवारी

पोतं आलं. गाडीच्या टपावरून. तोंड सुतळीने बांधलेलं. सुतळीवरून पुन्हा सुईदोऱ्याने शिवलेलं, बारीक टाके, आईचे. म्हणजे हात लागलाच. कोणी उघडू नये म्हणून असेल. सवय असेल.

समीना म्हणाली लहान घरघंटी भावाकडून आणून देते, तिच्यात कधी गहू पडलेला नाही. "हवं तर पट्टी लाव. मला राग नाही." तिला राग होता, आणि तरी म्हणाली.

२६ जानेवारी

सुट्टी. झेंडावंदनानंतर खोलीवर, खिडकीपाशी निवडायला बसले. मोठं स्टीलचं ताट, चष्मा लावून. दाणे पसरायचे, बोटाने एका कडेला ओढत न्यायचे. आई दारात बसून असंच करायची आणि मी तिच्या मांडीला टेकून खडे शोधायचे. खडा सापडला की ती म्हणायची, डोळे लई तेज हायत माझ्या बाईचे.

पहिल्या ताटात खडे, काड्या. दोन दाणे गव्हाचे.

लांबट, मधोमध चीर. चुकण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या ताटात एकही नाही. तिसऱ्यात आणखी दोन.

मामाचं गव्हाचं शिवार ज्वारीला लागून आहे. मळणीचं मशीन एकच असतं, आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. पोतं जुनं असेल, आधी गव्हाचं. चार दाणे कुठूनही येऊ शकतात. कोणालाही विचारलं तरी हेच सांगतील, मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं.

पयले तर मोजून पाच दाणे टाकलेते.

पट्टी लावता येईल. दोन रेषा येतील, कारण गहू समोर दिसतोच आहे. गहू आहे की नाही एवढंच पट्टी सांगते. कोणी टाकला, ते सांगणारी चाचणी नाही.

अर्धं पोतं अजून व्हायचं आहे.

संध्याकाळी तिचा फोन.

"निवडली का गं?"

"निवडतेय."

"काई निघालं का त्यात?"

तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कुकरची शिट्टी. ती घाबरलेली होती, की नुसती वाट बघत होती, हे मला कळलं नाही. सत्तावीस वर्षं त्या आवाजात राहून कळलं नाही.

"खडे निघाले," म्हटलं.

"खडे तर निघतेतच माय."

चार दाणे वेगळ्या वाटीत ठेवलेत, खिडकीत. पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. समीनाला घरघंटी आण असं अजून सांगितलेलं नाही.