मोनिकाबाईंची वरची खोली

६ मार्च २००६, सोमवार
व्हॅक्यूम पंप पुन्हा बंद. तीन आठवड्यांचं सँपल आत आणि हा ढिम्म हलेना. दोन रट्टे घातले, वर मराठीत झापलं. "निगरगट्ट मेला! निगरगट्ट!" वळून बघते तर मागे आमच्या लॅबच्या तंत्रज्ञ मोनिकाबाई, काचसामानाचा ट्रे घेऊन. ट्रे ठेवला आणि गेल्या. दुपारी मेन्सात, म्हणजे कँटीनमध्ये, एकट्याच जेवल्या. रोज माझी खुर्ची धरून ठेवतात.
काय झालं कळत नाही. (तोंडावर 'डू', म्हणजे 'तू' म्हणते, एकोणसाठ वर्षांच्या बाईला! जर्मनीत लॅबमध्ये पद्धतच तशी. वहीत मात्र 'बाई' लावल्याशिवाय हात पुढे जात नाही.)

७ मार्च
सकाळी ट्राममध्ये, ऱ्हाइनच्या पुलावर, डोक्यात प्रकाश पडला. निगरगट्ट. पहिली तीन अक्षरं. अरे देवा.
बाईंचे वडील काळे अमेरिकन सैनिक, आई इथलीच, मानहाइमची. ज्या शब्दाने या बाईंना जन्मभर हिणवलं, तो मी दोनदा ओरडले. तेही मराठीत, म्हणजे त्यांना वाटलं असणार, आपल्याला कळू नये म्हणून. मला आल्या आल्या आनमेल्डुंगच्या, पत्ता नोंदवायच्या ऑफिसात कोणी नेलं? पहिल्या थंडीत स्वतःच्या लेकीचे बूट मला कोणी दिले? थोबाड फोडून घ्यावंसं वाटतंय.
आज त्या रजेवर.

९ मार्च
सांगितलं. हातात पुरावा म्हणून शाळेतला मराठी-इंग्रजी शब्दकोश. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून अर्थ दोनदा वाचला. कोडगा. निर्लज्ज. कशाचंच काही न वाटणारा.
"म्हणजे पंपच," म्हणाल्या. मग हसल्या. मला रडू आलं, मूर्खासारखं.
नंतर चहा पिताना, "आल्झो, तर, मी आज दुसरी लॅब मागणार होते. कारण सांगणार नव्हते. बरं झालं, तू आलीस."
संध्याकाळी पंप पुन्हा बिघडला, तर बाई स्वतःच त्याला निगरगट्ट म्हणाल्या. 'ट्ट' काही जमत नाही.

२ एप्रिल, रविवार
बाईंकडे कॉफी, सफरचंदाचा केक. आज खूप बोलल्या. पहिलीत मास्तर हजेरीच्या वेळी नाव न घेता तो शब्द म्हणायचे. वर्ग हसायचा, त्यांना वाटायचं हे आपलं लाडाचं नाव. पहिल्या नोकरीत पाहुणे आले की यांना मागच्या खोलीत बाटल्या धुवायला पाठवायचे.
"आता?"
"आता सगळे गोड. मागे घर शोधत होते तेव्हा फोनवर घर रिकामं असायचं. मी दारात उभी राहिले की दहा मिनिटांपूर्वीच गेलेलं असायचं. आणि किती वाईट वाटतं हो त्यांना!"
मी विचारलं, मग सुधारलं म्हणायचं की नाही? तर माझ्यावरच उखडल्या. "सुधारलंच! वेडी आहेस का? माझ्या आईवर रस्त्यात लोक थुंकायचे. माझी मुलगी शाळेत शिकवते. फक्त पूर्वी कोण कुठे उभा आहे ते दिसायचं. आता मी अंदाज करत बसते. त्यानेच जास्त दमायला होतं."
निघताना दारात, "तुझी आई मेमध्ये येतेय ना? माझी वरची खोली रिकामी आहे. तीन महिने राहू दे."
माझ्या होस्टेलवर पाहुणा तीन दिवसांच्या वर चालत नाही. महिनाभर हीच काळजी होती. देव असा केकबिक करून भेटतो.

८ एप्रिल
बाईंबरोबर हायडेलबर्गला. गाडीत पोलिसाची तपासणी. अख्ख्या डब्यात आम्हा दोघींकडेच कागद मागितले. मी परदेशी, ठीक आहे. बाईंचं जर्मन ओळखपत्र त्याने उलटसुलट करून पाहिलं.
"मूळच्या कुठल्या?"
"मानहाइम."
"नाही, मूळच्या?"
"मानहाइम. नेकारस्टाट वस्ती. तुम्ही?"
तोच बाहेरगावचा, कार्ल्सरूहचा निघाला! बाईंनी ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं, मग पर्सची चेन दोनदा तपासली. मी त्यांचा हात धरला.

२३ एप्रिल, रविवार
आईला फोन. खोलीची बातमी आनंदाने दिली.
"फोटोतली ती काळी बाई ना गं? तिच्याकडे? तीन महिने?"
मी म्हटलं, आई, त्यांनी माझ्यासाठी काय काय...
"असेल गं, नाही कोण म्हणतंय. पण मला झोप नाही यायची तिथे. दुसरीकडे बघ. आणि हे बघ शुभा, तिला काही लागेल असं बोलू नकोस हं. गोड बोलून नाही म्हण."
गोड बोलून. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तेच कानात. दहा मिनिटांपूर्वीच गेलं हो घर. किती वाईट वाटतं हो.
आईवर चिडायला तोंड तरी कुठे आहे? मी सावळी म्हणून माझ्या लग्नाच्या बायोडेटात तिने 'गव्हाळ' लिहिलं होतं, आणि मी ते खोडलं नाही.

२५ एप्रिल
थाप तयार होती: इन्स्टिट्यूटची गेस्टरूम मिळाली. अर्धी बोललेसुद्धा. बाई फ्लास्क विसळत होत्या, मानही वर केली नाही. "श्योन," म्हणाल्या. छान. ते 'श्योन' ऐकलं आणि कळलं, त्यांनी अंदाज केलेला आहे.
मग सगळं सांगितलं. आईचे शब्द, जसेच्या तसे. बायोडेटाचंही सांगितलं.
नळ चालूच. फ्लास्क उपडा ठेवला, मग तो बंद केला. "दुखलं," म्हणाल्या. "पण थाप मारून गेली असतीस तर पुन्हा तुझ्याशी बोलले नसते." आणि हात पुसत, "खोली तशीच ठेवते. तिला येऊन बघू दे. मग नाही म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हणू दे. गोड नको."
अशी माणसं मला का भेटतात, माझी लायकी काय? खरंच माहीत नाही.

३० एप्रिल
आईला फोनवर सगळं सांगितलं. तुझं म्हणणं मी त्यांना सांगितलं, हेही. आणि विमानतळावर गाडी घेऊन बाईच येणार आहेत, तेही.
फोनकार्ड संपायला आलं तेव्हा आई म्हणाली, "बरं."
कुठलं बरं? तीस वर्षं तिच्या पोटची पोर आहे, तरी ओळखता येत नाही.

६ मे, शनिवार
फ्रांकफुर्ट. विमान उतरलंय, बाहेर येताहेत लोक. हे कठड्याला टेकून लिहितेय, हाताला काहीतरी हवं म्हणून. बाईंनी केस सेट करून घेतलेत, नवा स्कार्फ. काल वरच्या खोलीचे पडदेही धुतले. मी म्हटलं, कशाला एवढं? तर म्हणाल्या, पाहुणा येतोय.
आई नाही म्हणाली तरी बाईंचे हे उपकार फिटायचे नाहीत. हे आत्ताच लिहून ठेवते, नंतर काहीही होवो.
आई दिसली. निळा स्वेटर, ट्रॉली भलतीकडेच वळतेय. मी हात वर केला तर बाईंनी तो खाली घेतला.
"तू थांब. भाषांतर नको."
आणि माझ्याआधी आईकडे निघाल्यासुद्धा.