दारापर्यंत सोडलं

३ मार्च
सुतार आज पुन्हा पिऊन बाजारात आडवा! ठाण्यात न्यायचं म्हणजे दवाखाना, तपासणी, कागद — आणि उद्याची त्याची मजुरी बुडणार. म्हणून नेहमीसारखं घरी सोडलं, मागच्या गल्लीने. चारचौघांत त्याची शोभा कशाला? ठाण्याच्या वहीत नोंद नाही. हवालदारकाका म्हणतात, "तू फार मऊ." असेन.

९ मार्च
पुन्हा तोच. दारात त्याची बायको म्हणाली, "दादा, आजच्या दिवस ठेवून घ्या ना ठाण्यात." मी हसलो! म्हटलं, "वहिनी, घरचं माणूस आहे, सांभाळून घ्या." तिने दार आतून धरलं होतं. मीच हलकेच ढकललं.

१० मार्च
तिचा एक हात पाठीमागे लपवलेला होता. आत्ता आठवतंय.

१४ मार्च
सव्वासहाला सोडलं. ती नुसती बाजूला झाली.

१५ मार्च
ती इस्पितळात. डोक्याला मार, शुद्ध नाही. सुतार म्हणतो, "मी घरी गेलोच नाही साहेब, बाजारात पडलो होतो. विचारा कुणालाही." आणि खरंच, पडलेला दहा जणांनी पाहिलाय! उठवून नेलेला कुणीच नाही. मागची गल्ली ना!
साहेबांनी विचारलं, "काल बाजारात ड्युटीवर कोण?" म्हटलं, "मी. विशेष काही नाही, साहेब."
जीभ झडली कशी नाही माझी?

१७ मार्च
काकांना सगळं सांगितलं. म्हणाले, "कागदावर काही नाही. तू तिथे नव्हतासच. पोरंबाळं आहेत तुला, तोंड शिवून बस."
जेवण जात नाही. ही विचारते, काय झालं? काय सांगू? नोकरी गेली तर खायचं काय? आणि गप्प बसलो तर तो सुटणार. देवा, काय करू मी!

१८ मार्च
सुटला. पुरावा नाही म्हणून. जाताना माझ्यापुढे हात जोडले — "उपकार झाले, दादा." म्हणजे त्याला सगळं आठवतंय.

१९ मार्च
इस्पितळात जाऊन आलो. तिने डोळे उघडलेत, बोलता येत नाही. मला बघून तोंड फिरवलं. नर्स खुशीत होती. म्हणाली, "आठवड्यात घरी सोडू."
घरी!

२० मार्च
साहेब, ही वही तुमच्या टेबलावर ठेवून जातोय. १४ तारखेचं पान आधी वाचा.