देवाच्या कोंबड्याचा डावा पाय

नेरूळ, नवी मुंबई
फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप हौसेरावमामांच्या पायाशी भाचा बाबासो याचा नमस्कार.

आपले गुडघे, मामीची झोप आणि म्हैस हे सगळं आता ठीक असेल असं धरून चालतो (म्हशीला या रांगेत बसवलं म्हणून रागावू नये, तुमच्या मागच्या पत्रात पहिली बातमी तिचीच होती). वैदेही बरी आहे. मीही बरा आहे. तुम्ही पाठवलेला कोंबडा कसा आहे हे सांगायला मात्र सगळं पत्र लागणार आहे.

आपल्या गावच्या बंडूनं त्याला एस.टी.तून नायलॉनच्या पिशवीत घालून आणला, मान तेवढी बाहेर. "मामांचा निरोप हाय. ह्यो भैरोबाच्या नावानं सोडलेला हाय, डावा पाय वढतोय. तू कोंबड्यांचा डाक्टर, तवा बरा करून जत्रंआधी परत धाड. कापायचा न्हाई. मामीचा जीव अडकलाय ह्याच्यात." एवढं बोलून तो वाशी मार्केटात हमालीच्या पाळीला निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. मामी अंथरुणाला खिळली तेव्हा हा देवाला सोडला आणि ती उठली, हे मला ठाऊक होतं. आता याला काही झालं तर आपलं दुखणं परत येणार असं तिनं धरलंय, हे बंडूनं सांगितलं. म्हणजे पाय कोंबड्याचा असला तरी घोर मामीचा होता.

इथं एक गैरसमज दूर करतो. मी कोंबड्यांचा डॉक्टर नाही. रबाळ्याच्या ज्या कंपनीत मी आहे, तिथं कोंबड्यांच्या अंगात गाठी आणणाऱ्या विषाणूंवर संशोधन चालतं. आम्ही कोंबडी बरी करत नाही. धडधाकट कोंबडीला विषाणू टोचतो, ती आजारी पडायची वाट बघतो आणि पडली की समाधान मानतो (नाही पडली तर साहेब आमच्याकडे संशयानं पाहतात). या रोगावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर आलं त्याच दिवशी टोचायची असते. तुमच्या कोंबड्याला आता ती देणं म्हणजे बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवरदेवाला पोलिओचा डोस पाजणं.

पिशवीतून सोडल्याबरोबर स्वारीनं एक पाय पुढं टाकला, एक मागं टाकला आणि बाथरूमच्या फरशीवर तशीच बैठक मारली. मामा, हे चित्र आमच्या पुस्तकात छापलेलं आहे. विषाणूमुळं पायाची नस सुजली की कोंबडी अशीच बसते. (माणसाला हा रोग होत नाही, हे मामीला आधी वाचून दाखवा.) हा रोग कोवळ्या कोंबड्यांचा, त्या मानानं तो जरा थोराड वाटला, पण इतकं हुबेहूब चित्र समोर बसल्यावर वयाकडं कोण बघतो?

त्यातून आमच्या नोकरीचा नियम असा, की कोंबडी सोडाच, घरात पोपटही पाळायचा नाही. आम्ही आंघोळ करून, कंपनीचे कपडे घालून मगच आत जातो. बाहेरच्या पिसांचा कोंडा आत गेला तर वर्षानुवर्षं जपलेला निर्मळ कळप वाया जातो. वैदेही म्हणाली, "साहेबांना कळवू नका, दोनदा आंघोळ करा." मी तसं ठरवलंही. पण मग रोजनिशीत काय लिहायचं, हा प्रश्न आला. शेवटी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन करून सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी कामावर यायला बंदी केली, ते अपेक्षित होतं. पण मग त्यांचा आवाज एकदम लाडिक झाला. गावाकडचा, लस न टोचलेला, आपण होऊन आजारी पडलेला कोंबडा आम्हाला सहसा मिळत नाही. म्हणाले, "फाटकापर्यंत आणा, मी स्वतः घ्यायला येतो." मी म्हणालो, देवाचा आहे. "असू दे ना. नस कापून बघितल्याशिवाय खात्री कशी होणार?" (आमच्या शास्त्रात रोग्याविषयी खात्री पटते ती रोगी गेल्यावर.) देव रागावेल म्हटलं, तर म्हणाले, "देवालाही निदान कळायला नको का?" खरं सांगायचं तर थोडा वेळ मी त्यांच्या बाजूनं विचारही केला. मग मामी डोळ्यांपुढं आली आणि फोन ठेवला.

कोंबड्याची बाल्कनीत सोय केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यानं सहानंतरच आरवावं अशी लेखी सूचना दिली. मी ती त्याला वाचून दाखवली नाही. शिरवण्याहून मासळी घेऊन येणाऱ्या बाळाबाईंनी टोपली उतरवून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "कापनार नाय त ठेवलास कशाला? ह्यो काय जावई हाय?" थाट जावयाचाच होता म्हणा. मामीची सवय म्हणून हातानं भरवल्याशिवाय खायचा नाही. लंगडत जवळ यायचा, चोच उघडून उभा राहायचा. मला कालची पोळी आणि त्याला ताजी भाकरी, अशी आमच्या घरी पंगत होती.

चार दिवस मी त्याच्या नसांचा विचार करत होतो. काल पहिल्यांदा त्याचा पाय पाहिला. मांडीच्या पिसांत बोट घातलं तर काळा दोरा लागला. देवाला सोडताना गुरवानं बांधलेला. तेव्हा हा जेमतेम आरवायला लागला होता. पुढं कोंबडा वाढला, दोरा वाढला नाही, चामडीत रुतून बसला. वैदेहीच्या भरतकामाच्या कात्रीनं तो कापला, आयोडीन लावलं आणि संध्याकाळी स्वारी बाल्कनीत फेऱ्या मारू लागली. साहेबांना फोन केला. "नुसता दोरा?" असं ते इतक्या खिन्नपणे म्हणाले, की मला त्यांची माफी मागावीशी वाटली. मागितलीही.

उद्या बंडू त्याला घेऊन निघेल. जत्रेत तो आपल्या पायांनी मिरवेल. मामीला दंडवत, लहानांना आशीर्वाद.

आपला,
बाबासो

ता. क. दोरा कापल्याचं कळलं तर मामीची काय अवस्था होईल, हे मला कात्री चालवून झाल्यावर सुचलं. म्हणून शिवणाच्या डब्यातला तसलाच काळा दोरा आज दुसऱ्या पायाला बांधला, चांगला सैल. दोरा या पायाला कसा, असं मामीनं विचारलंच तर तुम्ही बघून घ्या.

ता. क. २ नवा दोरा बांधल्यापासून तो पुन्हा लंगडतोय. दोऱ्यात माझं बोट सहज जातं. काढला की ऐटीत चालतो, बांधला की पाय ओढत भाकरीकडं येतो. सकाळपासून काढून-बांधून पाहतोय, निष्कर्ष बदलत नाही. दोरा असला की लंगडायचं आणि लंगडलं की कुणीतरी भरवतं, एवढं संशोधन त्यानं स्वतः पुरं केलंय. तेव्हा दोऱ्याविनाच पाठवतोय. आता खरी विनंती, जिच्यासाठी हे पत्र लिहिलं: नवस पोचला म्हणून भैरोबानं आपला दोरा परत घेतला, असं मामीला तुम्ही सांगा. मी सांगून भागणार नाही. ती पहिल्यांदा विचारेल, कात्री कुणाच्या हातात होती.

हे खोटं बोलणं ठरतं का, यावर माझा विचार चालू आहे. नक्की ठरलं की कळवीन. तोवर सांगून टाका.